सासूबाईंनी ठेवलेलं नाव

नलिनी हे काही माझं माहेरचं नाव नाही. लग्नात सासूबाईंनी ते ठेवलं. "नलिनी म्हणजे कमळ, लक्ष्मीचं आसन," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. साठच्या सुमारास यांच्या नोकरीसाठी आम्ही बंगलोरला बिऱ्हाड केलं, तोवर नलिनीची नली झाली होती.

तेव्हा उन्हाळ्यात पाणी दिवसातून एकदाच यायचं. एका दुपारी मी कोपऱ्यावर भाजी घेत होते. सासूबाई दारातून हाका मारायला लागल्या, "नली, ए नली!" मी परतले तर आळीतल्या पाच-सहा बायका हंडे घेऊन आमच्या अंगणातल्या कोरड्या नळापाशी उभ्या.

शेजारच्या सरोजाक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या. त्यांनी उलगडा केला. "कन्नडात नळाला नल्ली म्हणतात हो."

बायका हसत घरी गेल्या. मला मात्र जरा आशा वाटली. संध्याकाळी भीतभीतच विचारलं, "आई, मग माझं सुशीलाच ठेवायचं का परत?"

"तुझं कशाला?" तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या. "त्यांना नळाचं नाव बदलता येत नाही का?"