वर ओढलेला हँडब्रेक

सासरे : माझ्या गुडघ्यांना कुणी विचारतं का? म्हणे, बाबा, जरा खाली बसा. बसणं सोपं असतं गं, उठवायला क्रेन लागते.

सून : जॅक आहे ना, त्यानं उचलीन. आधी टॉर्च नीट धरा. माझ्या नाकावर काय मारताय?

सासरे : नाकाला ग्रीस लागलंय, ते बघतोय. मागच्या ब्रेकचा कॅलिपर वर बांधलास का? नळीवर लोंबकळत नको ठेवूस.

सून : बांधलाय. आईंच्या परकराच्या नाडीनं.

सासरे : विचारून घेतलीस?

सून : नाही.

सासरे : मग तुझं काही खरं नाही. बघू ते जुने पॅड. अरे अरे, नुसता पत्रा उरलाय.

सून : म्हणून तर नवे पॅड, नव्या डिस्का ह्यांनी डिकीत आणून ठेवल्या होत्या. तुमच्या मागेच लागले होते, रविवारी करू म्हणून.

सासरे : आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. हातोडी दे.

सून : अहो, किती ठोकताय! डिस्क जागची हलत नाही.

सासरे : गंजलीय. गाडी तेव्हापासून एका जागी उभी आहे. तेल सोड अजून.

सून : अंघोळ होईल एवढं सोडलंय. राहू दे, बाबा. उद्या बसनं जाते मी.

सासरे : पहाटेच्या पाळीला कुठली बस? नोकरीचा पहिला दिवस आणि उशिरा पोचणार? सरक, अजून दोन ठोके मारतो.

सासू : (दारातून) अहो, सगळी गल्ली उठवलीत! आणि माझी नाडी कुणी नेली?

सासरे : नाडी मिळेल. डिस्क निघत नाहीये.

सासू : निघेल कशी? काचेतून दिसतोय की, हँडब्रेक वर आहे.

सासरे : हो.

सासू : हो काय? तुम्हाला ठाऊक होतं?

सासरे : पहिल्या ठोक्यालाच कळलं.

सून : मला तर त्याच्याही आधी. आई, तो ह्यांनी ओढलेला आहे. त्या संध्याकाळी गाडी लावली, छातीत जळजळतंय म्हणत वर आले... त्यानंतर कुणीच हात लावला नाही. मी जाऊन बसते कधीकधी आत. पण त्याला नाही लावत हात.

सासू : माहितीये. खिडकीतून दिसतेस.

सासरे : डिस्क कापून काढता येईल. वेळ लागेल, पण—

सासू : वेड लागलंय का? दार उघडा ते. सूनबाई, तू पलीकडून बस. दोघी धरू. भारी घट्ट ओढायचा, मला कधी एकटीला सुटला नाही. आधी जरा वर घ्यावा लागतो, मगच खाली जातो.

सासरे : थांबा, थांबा. पुढच्या चाकांना विटा लावल्यात का?

सून : लावल्यात, बाबा.

सासरे : नाही, म्हणजे... आजच कशाला? त्याची वस्तू, त्याला न विचारता—

सासू : अहो, तो मेलाय. आपलं पोर मेलंय. या, तुम्हीही हात लावा.