रडणारी आई हवी

ह्यांनी सिल्वासातल्या फॅक्टरीच्या मित्रांबरोबर छोटा सिनेमा काढायचं ठरवलं आणि माझी झोप उडाली. खर्चाचा अंदाज माझ्याकडे आला, कारण घरात कॉमर्सवाली मीच. मी कात्री लावत गेले. वरात गेली, दादऱ्याच्या बागेतलं गाणं गेलं, तरी मेळ बसेना. उरली नाशिकहून येणारी नटी. तिचं मानधन, येणं-जाणं, वर लॉजचं भाडं.

"ती नसेल तर रडणारी आई कोण करणार?" हे म्हणाले. "मग सिनेमाच राहू दे."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून माझेच डोळे भरून आले. पाच वर्षांची चिनू माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, आपली आई छान रडते की. आणि ती राहते पण आपल्याच घरी."