हवेची गादी

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सून बसली होती. सासरे आत, आठ दिवस बेशुद्ध. शेजारी दोन नर्स चहा पीत होत्या.

"कसं झालं गं ट्रेनिंग?"

"सहा तास खुर्चीतून हलू दिलं नाही. शिकवलं काय, तर पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतात."

"वळवून दाखवलं?"

"दाखवलं की, रबरी पुतळ्याला. खाली हवेची गादीसुद्धा."

"अगं, ती तर एकच आहे आपल्याकडे!"

"पाच नंबरच्या आजोबांखालची काढून नेली."

"आणि आजोबांना कुणी वळवलं?"

"कोण वळवणार? दिवसपाळीच्या आम्ही सगळ्या ट्रेनिंगला!"

"आता तरी गादी परत येईल ना?"

"छे, उद्या दुसरी बॅच आहे."

सून उठून समोर आली.

"सिस्टर, मी पाच नंबरच्या आजोबांची सून. त्या पुतळ्याला वशिला कुणाचा आहे हो?"