कचरूबाबांचा अंगठा

"हॅलो? …हां माय, बोल. …नख निघालं? आख्खं?"

विशाखा गुलमंडीतल्या औषधांच्या दुकानात कामाला होती. फोन हर्सूलहून तिच्या मायचा, कडूबाईचा. बाप कचरूबाबा तीस वर्षं रोपवाटिकेत ओल्या मातीत उभे राहिले, तिथंच पायाच्या अंगठ्याच्या नखात बुरशी शिरली. नख पिवळं पडलं, जाड झालं, खडूसारखं झडायला लागलं. सहा महिने वरून औषध लावलं, पण एवढ्या जाड नखातून ते आत उतरेना. मग डॉक्टरांनी नख मऊ करायचं मलम दिलं. ते घरी पाठवलं विशाखानंच.

"आपोआप निघालं ना? …मग? …ब्लेडनं? दाढीच्या?"

समोरच्या गिऱ्हाइकाला तिनं हातानंच थांबवलं.

"कधी काढलं? …चार दिवस झाले आन् आज सांगतीस? …बरं, बरं. अगं, ऐक ना. मलम कुठं कुठं लावलं व्हतं? …सगळ्या अंगठ्याला?"

तूच म्हणली व्हतीस, लावा आन् पट्टी बांधा, असं माय म्हणाली. ते खरं होतं. नुसतं नखावर लावायचं, भोवतालची कातडी चिकटपट्टीनं झाकायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, विशाखानं अर्धंच सांगितलं. आठ दिवस पट्टीखाली नखासोबत कातडीही भिजून लिबलिबीत झाली असणार. त्यावर ब्लेड. आणि बाबांना बारा वर्षांची शुगर.

"व्हय माय, चुकलं माझं. आता पट्टी सोड. …वास येतो? …कसला रंग? …काळा. …नाय, नखाच्या जागचं नाय इचारत. वर पायाकडं बघ. …लाल? घोट्यापर्यंत?"

मायनं पाय शेकायला पाणी तापवून ठेवलं होतं. ते विशाखानं आधी लांब सरकवायला लावलं.

"त्यांना डोळे मिटाय सांग. आन् अंगठ्याला बोट लावून दाब. हळूच."

पलीकडं पंखा कुरकुरत होता. मग माय दबक्या आवाजात म्हणाली, मी दाबूनच बसलीय, आन् ते इचारतेत, कधी दाबणार.

विशाखा स्टुलावर बसली. गिऱ्हाईक कधी निघून गेलं ते तिला कळलं नाही.

"शेजारच्या राजकुमारला रिक्षा आणाय सांग. घाटी दवाखान्यात न्यायचं, आत्ताच. पाय जमिनीला टेकू देऊ नका, त्यानं उचलून न्यावं. मी तिथंच येते. …बाबाला फोन दे."

कचरूबाबा आधी हसले. काही दुखत नाही, उगं मायलेकींनी घाबरवलंय, म्हणाले.

"दुखत नाय, म्हणूनच जायचंय, बाबा. …व्हय. …नाय, उद्या नाय."

मग त्यांनी सरळच विचारलं, अंगठा जाईल का.

दिवसभर लोकांना धीर देणारी विशाखा. तोच धीर तिच्या ओठांवर आला होता. पण अर्धंच सांगायचं तिला आता जमेना.

"अंगठ्यावर भागलं तर बरं, बाबा."

पलीकडं बाबांनी स्वतःच राजकुमारला हाक मारली, आणि मग फोन ठेवला.