आत्याचं तोंड बघून

मला आधी एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तर नेमका कुणाच्या जिभेवर ठेवायचा? कंपनीच्या? कंपनीचं पाकीट बघा, पुढे लिहिलंय 'कुरकुरीत', खाली लिहिलंय 'अस्सल', मागे काय लिहिलंय ते वाचायला दुर्बीण लागते आणि आत अर्धं पाकीट नुसती हवा. बरं, गिऱ्हाइकाच्या जिभेवर ठेवू? गिऱ्हाईक आज म्हणतं, "काका, हे ठेवत जा हो, मी रोज नेईन," आणि तुम्ही ठेवलंत की ते घर बदलून दुसरीकडे राहायला जातं. बायकोच्या? ती पाकिटातलं काही तोंडातच घालत नाही, म्हणते, उरलेल्या जगानं खावं. मग उरलं कोण? घाईत आहात का? नाही ना? मग बसा त्या खोक्यावर, भरलेलं आहे, पेलेल तुम्हाला... तर मी विश्वास ठेवला आत्याच्या जिभेवर. उलटा ठेवला, पण ठेवला. आणि त्यापायी एका दुपारी माझं दुकान जायच्या बेतात होतं, ते तुम्हाला सांगतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. बरीच वर्षं आमच्याकडेच असते. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा आणि पडद्याच्या अलीकडे आत्याची खुर्ची. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार, "काय ग, आई बरी आहे ना? आणि ते गुडघ्याचं काय झालं?" गिऱ्हाईक गुडघ्याचं सांगता सांगता दोन वस्तू जास्त घेतं. आणि सोशिक किती म्हणाल, एकदा बायकोनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर हिनं पूर्ण कप संपवला, चकार शब्द नाही. आम्ही दोघं थक्क. बायको मला म्हणाली, "बघा, शिका काहीतरी." मी काय शिकलो ते पुढे येईलच.

आता नवा माल ठेवायचा तर आधी चाखायचा, हा माझा पहिल्यापासूनचा शिरस्ता. दुपारी दुकान थंड असतं, तेव्हा सॅम्पलचं पाकीट फोडायचं, आत्याच्या समोर स्टूल घेऊन बसायचं, आधी मी घास घ्यायचा, कारण म्हाताऱ्या माणसाला न चाखता काहीबाही कसं द्यायचं, आणि मग आत्याला द्यायचा. सुरुवातीला मी सरळ ती म्हणेल तसं करायचो. लिंबाच्या क्रीमचं बिस्कीट आलं. आत्या म्हणाली, "वा, हलकं आहे रे, मागव." मागवलं. मुंग्यांनीसुद्धा वळून बघितलं नाही. मग ओट्सचे भाजलेले तुकडे आले, आत्या खूश, खोकी तशीच्या तशी. मग आले तिखट चॉकलेटचे वेफर्स. नीट ऐका, वेफरला चॉकलेट आणि चॉकलेटला मिरची! आत्याचं नाक आक्रसलं, डोळे मिटले, खालचा ओठ असा लोंबला... "शी, हे कोण खाणार?" मी कंपनीला नको म्हणून कळवायला विसरलो, माल येऊन पडला, आणि कॉलेजच्या पोरांनी दुकानासमोर ही गर्दी केली. मग एक निळं पेय आलं, शाईसारखं. आत्या म्हणाली, "हे प्यायचं की यानं भिंत रंगवायची?" बायकोनं पडद्याआडून माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, ती हळूच म्हणाली, "अहो, मागवा." आठवड्यात फळी रिकामी.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. आत्या म्हणते ते ऐकायचं नाही, तोंड बघायचं. तोंड वाकडं झालं की माल मागवायचा, तोंड खुललं की कंपनीला हात जोडायचे. आणि आत्याला पत्ता लागू द्यायचा नाही. सांगणार तरी कसं? "आत्या, तुला आवडलेलं जगात कुणालाच आवडत नाही, म्हणून तुझा फार उपयोग होतो" असं? ती विचारायची, "अरे, ती शाई परत का आणलीस?" मी म्हणायचो, "काय करू ग, कंपनी जबरदस्तीनं टाकून जाते." ती म्हणायची, "बिचारा."

असं बरं चाललेलं, तेवढ्यात समोर ते काचेचं दुकान उघडलं. दार आपोआप सरकतं, आत गार हवा, सामान ढकलायला गाडी. माझी गिऱ्हाइकं मला लांबून नमस्कार करायची आणि तिकडे शिरायची. तेल तिकडे, साबण तिकडे, पीठ तिकडे. माझ्याकडे काय राहिलं? "तुमच्याकडे काहीतरी वेगळं मिळतं हो," एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर दुकान उभं होतं आणि ते वाक्य उभं होतं आत्याच्या तोंडावर.

आणि अशात तो टायवाला आला. भर उन्हात टाय, बगलेत बर्फाची पेटी. "शेठ, नवीन पेय आहे. काकडी, आलं आणि फेस. रस्त्यावर एकाच दुकानाला देणार. तुम्ही जुने, म्हणून तुम्हाला आधी विचारतोय." म्हटलं, सॅम्पल ठेवून जा. "नाही शेठ, हे गारच प्यायचं, आत्ताच. ट्रक कोपऱ्यावर उभा आहे. पूर्ण माल उतरवायचा आणि परत घेणार नाही. नाहीतर समोरचे मॅनेजर हो म्हणून बसलेत." मी समोर बघितलं, तर खरंच, मॅनेजर काचेला नाक लावून उभा, हाताची घडी घालून.

आता माझी अवस्था ध्यानात घ्या. गाठीशी होतं ते सगळं त्या ट्रकमध्ये जाणार होतं. घेतला आणि पडून राहिला, तर शटर कायमचं खाली. नाही घेतला आणि समोर चालला, तर 'काहीतरी वेगळं'सुद्धा तिकडेच मिळणार, मग माझ्याकडे कोण कशाला फिरकेल? शटर तरीही खाली. आणि विचार करायला वेळ किती, तर पेटीतला बर्फ वितळेपर्यंत.

मी डबा फोडला. कंपनीच्या माणसासमोर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, हे मी दुकानात बसून बसून शिकलोय. आवडलं असं दिसलं की तो भाव खातो, नाही आवडलं असं दिसलं की भाषण सुरू करतो. म्हणून त्याच्याकडे तोंड केलं, चेहऱ्याचं लाकूड केलं आणि घोट घेतला. आतून मात्र... काय सांगू तुम्हाला! तापलेल्या डोक्यावर कुणीतरी ओला पंचा ठेवावा तसं. काकडी आहे आहे म्हणेपर्यंत नाहीशी होते आणि आलं घशातून खाली उतरताना एकदा मागे वळून बघतं. पण माझ्या आवडीला विचारतो कोण? आमचा नियम काय? ऐकायचं नाही, तोंड बघायचं. मी वळलो, डबा आत्याला दिला आणि तोंड बघत उभा राहिलो.

आत्यानं घोट घेतला. ओठ लोंबला. मला वाटलं, चला, वाकडं झालं, उतरवा ट्रक. पण थांबा. ते तोंड मला पाठ आहे हो. आधी नाक, मग डोळे, मग ओठ. आज ओठ आधी. मग ती थबकली, माझ्याकडे बघितलं, मग कसंबसं नाक आलं आणि डोळे तर आलेच नाहीत. वर विचारते काय, "मागवणार आहेस का रे?" हे तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"साहेब, एक मिनिट," म्हटलं आणि पडद्यामागे गेलो. बायको उभीच होती.

"तोंड वाकडं झालं ना? मग मागवा."

"वाकडं आहे, पण खरं वाकडं नाही."

"वाकड्यात कसलं आलंय खरं-खोटं?"

"तिला कळलंय. आपण उलटं करतो हे तिला कुणीतरी सांगितलंय."

बायको एकदम पडद्याच्या कडा सारख्या करायला लागली. म्हणाली, "मी आपलं ताईला फोनवर सांगत होते एकदा... पण अगदी हळू."

"तुझं हळू म्हणजे कोपऱ्यावरच्या ट्रकला ऐकू जातं."

आता बघा कसं झालं. तिला कळलं असेल, तर तिला आवडलेला माल दुकानात यावा म्हणून ती मुद्दाम तोंड वाकडं करणार. म्हणजे हे पेय तिला आवडलंय. म्हणजे मागवायचं नाही. पण कळलं नसेल, तर वाकडं म्हणजे वाकडंच. म्हणजे मागवायचं. आणि बाहेरून आवाज, "शेठ, बर्फ चाललाय बरं का."

मी म्हटलं, परीक्षा घेऊ. आत्या रोज दुपारी चहाबरोबर एक साधं दुधाचं बिस्कीट खाते, वर्षानुवर्षं तेच, "छान आहे" म्हणत. ते घेऊन मी तिच्यासमोर गेलो. चेहरा उतरलाय, घाम आलाय, बिस्कीट असं धरलंय जणू त्यातच आमचा जीव आहे. "आत्या, हे खाऊन बघ." तिनं माझ्याकडे बघितलं, बिस्किटाकडे बघितलं, तुकडा मोडला, खाल्ला... आणि नाक, डोळे, ओठ, सगळं रांगेत! "कसंसंच लागतंय रे."

मी उरलेला तुकडा तोंडात टाकला. एकदम ताजा. झालं, आता शंकाच नको, आत्या खोटं बोलत होती. इतकी वर्षं तोंड बघून दुकान चालवलं आणि आता तोंडच फितूर. तिकडे मॅनेजर दारातून बाहेर आला होता, रस्ता ओलांडायला निघाला होता, फक्त गाड्यांमुळे मधे अडकला होता. टायवाल्यानं पेटीचं झाकण लावलं.

मग मी काय केलं? जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. खुर्चीसमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "आत्या, खरं सांग. तुला ते आवडलं की नाही?"

ती खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आज तू पाठ करून का प्यायलास?"

"म्हणजे?"

"मला तुझं तोंड दिसलं नाही."

"माझं तोंड कशाला हवं तुला?"

"अरे, इथे राहायला यायच्या आधी मला तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून चवच राहिली नाही. गार कळतं, गरम कळतं, बास. तू समोर बसून आधी खायचास, मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. तुझं खुललं की मी वा म्हणायचे, तुझं वाकडं झालं की शी म्हणायचे. 'आत्याला विचारू या' म्हणायचात ना तुम्ही, ते बरं वाटायचं. नाहीतर मला या घरात कोण काय विचारतं?"

"आणि आत्ताचं बिस्कीट?"

"तू असा चेहरा घेऊन आलास, मला वाटलं त्यात काहीतरी मेलंय."

मिठाचा चहा आठवला. मग एकेक वस्तू आठवायला लागली. लिंबाचं बिस्कीट कुणाला आवडलं होतं? मला. ओट्सचे तुकडे कुणी दोन वेळा घेतले होते? मी. मिरचीचं चॉकलेट खाऊन चूळ कुणी भरली? मीच की! म्हणजे इतकी वर्षं आम्ही आत्याचं तोंड बघत होतो आणि आत्या माझं. जगाला नको असलेलं नेमकं ओळखणारी ती जीभ म्हाताऱ्या माणसाची नव्हतीच, ती माझ्याच तोंडात होती.

आणि काकडीचं पेय? मला आवडलं होतं. मनापासून आवडलं होतं.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, नको."

"शेठ, पस्तावाल."

"चालेल."

मॅनेजर तेवढ्यात दारात पोचलाच होता. तिथेच त्यांनी हात मिळवले. ट्रक समोर रिकामा झाला आणि मी आत येऊन पंख्याखाली बसलो. बायको म्हणाली, "तुमची एवढी खात्री आहे?" म्हटलं, "मला ते फार आवडलंय ग." ती म्हणाली, "मग काळजी नाही." नवऱ्याबद्दल इतक्या विश्वासानं ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

तरी पुढचे काही दिवस माझे कसे गेले ते मला विचारा. हिरव्या डब्यांचा समोर काचेत मनोरा. पोरं घ्यायची, बाहेर यायची, एक घोट घ्यायची, एकमेकांकडे बघायची आणि डबा भिंतीवर ठेवून माझ्याकडे निळी शाई प्यायला यायची. भिंतीवर अर्धे भरलेले डबे ओळीनं उभे. तेव्हा कुठे मला जेवण गेलं. मग मी आत्याला उलट्या नियमाचं सगळं सांगितलं, म्हटलं, रागावली तर रागावू दे. ती इतकी हसली की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हणाली, "म्हणजे शाई जबरदस्तीची नव्हती तर. आणि वाकडी जीभ तुझी!"

आता आमचं काम उघड चालतं. मी समोर बसतो, खातो आणि आत्या माझं तोंड बघते. कधी एखादी वस्तू मनातून आवडते, पण ठेवावीशी वाटते, म्हणून मी म्हणतो, "छे, काही खास नाही." ती लगेच म्हणते, "खोटं बोलू नकोस, डोळे हसले तुझे." संपलं, माल परत. नियम तोच. मी म्हणतो ते ऐकायचं नाही, तोंड बघायचं. दुकान चाललंय, देवाच्या दयेनं बरं चाललंय. फक्त या सगळ्या फळ्यांवर, वरपासून खालपर्यंत, मला खाता येईल अशी एक वस्तू नाही. व्यापारी माणूस, मालाच्या मधे बसून उपाशी. आणि ते काकडीचं पेय अजून आठवतं हो... दुपार झाली की घसा आपोआप समोरच्या काचेकडे वळतो.

निघालात? बरं, एक काम करा. समोर जाणारच आहात, मला माहीत आहे, नमस्कार करून तिकडेच वळता तुम्ही. येताना माझ्यासाठी दोन हिरवे डबे आणा. मॅनेजरनं विचारलं तर सांगा, शेठसाठी, त्याला सवय आहे. फक्त एवढं करा, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा, डबे माझ्याच नावावर लिहायला लावा, तुमच्या नको. नाहीतर त्या बिचाऱ्यांना वाटेल की हे आणखी एका माणसाला आवडलं आणि ते परत ट्रक मागवतील.