निवेदन कुठाय?

सवाई बेटावर जाणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जुन्या मैत्रिणी बोलत होत्या.

“सिएनी, बाजारावरच्या माडीवरचा आपला जनसंपर्काचा वर्ग आठवतो? पंखा कायम बंद, मॅकलीन सर घामाघूम, आणि तू बाकाखालून केळ्याचे वेफर्स वाटायचीस.”

“वेफर्स आठवतात, लांगी. धडे विसरले.”

“सरांनी विचारलं होतं, कंपनीच्या हातून कुणी जखमी झालं तर पहिलं काय करायचं? आम्ही सगळ्यांनी पेपरात द्यायची निवेदनं लिहिली. तू लिहिलंस, मालकानं आपल्या जुन्या रीतीनं माफी मागायला जखमीच्या दारात डोक्यावर चटई घेऊन बसावं, घरचे ती उचलून आत बोलावतील तोवर.”

“आणि सरांनी भोपळा दिला. म्हणाले, निवेदन कुठाय?”

“किती हसलो गं आपण. बरं, आज हे एवढं गाठोडं घेऊन कुठे?”

“आमच्या बसनं पलीकडे एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. मालक म्हणाले, छानसं निवेदन लिहून दे.”

“दिलंस?”

“गाठोड्यात चटई आहे. माझ्या लग्नातली, आईनं विणलेली.”

“आणि मालक?”

“ते काय, पुढे उभे आहेत. सकाळपासून शिकवतेय त्यांना.”

“काय बोलायचं ते?”

“गप्प कसं बसायचं ते.”