शांताक्काच्या उंबऱ्यावरचा तांब्या

पाणबुडीच्या पिक्चरचा विषय काढलाच हाय तुमी, तर मी बघितलेला एक सांगते. एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. आमच्या शेजारच्या शांताक्काचा नवरा आरमारात होता. शत्रूच्या पाणबुडीनं त्याची बोट बुडवली. मयत हाती लागलं न्हाई, म्हणून आक्का काय कुंकू पुसंना. तिची सासू मला म्हणाली, "थेटरात तसलाच पिक्चर लागलाय. तिला दाखवून आण. डोळ्यानं बघितलं की पटंल."

दुपारच्या खेळाला गेलो. पडद्यावर बोट फुटली, माणसं बोंबलायला लागली. आक्का म्हणाली, "खोटं हाय हे. एवढी वरड होत न्हाई. तोंडात पाणी गेलं की सगळं गपगार."

पुढचा माणूस वळून हसला. "बाई, समुद्र तरी बघितलाय का कवा?"

"म्या न्हाई. आमचं मालक सांगत्यात की."

मी दचकले. "आक्का, कवा सांगत्यात?"

"रोज दिवेलागणीला येत्यात, तवा."

मग माझं कुठलं पिक्चरात ध्यान! परत आलो, तर उंबऱ्यावर पाय धुवायचा भरला तांब्या. मालकासाठी ती रोज भरून ठेवायची. घशाला कोरड पडली होती, म्हणून त्यातल्या पाण्यानं चूळ भरली, आन् थुंकलेच. नुसतं मीठ!

"आक्का, आपल्या आडाचं पाणी तर गोड हाय की गं!"

तिनं तांब्यात वाकून बघितलं, कपाळावरचं कुंकू नीट केलं आन् म्हणाली, "हात बुडवला असंल त्यांनी. आज लवकर आलं म्हणायचं."